छत्तीस गुण, पंधरा अक्षरे

महाराष्ट्रातील दुकानाच्या पाटीवर सर्वांत वर ‘श्री’ असते, मधोमध दुकानाचे नाव असते, क्वचित ‘आमची कोठेही शाखा नाही’ हे अभिमानाचे वाक्य असते, आणि जुलै २०१७ पासून या सर्वांच्या तळाशी, रंगाऱ्याच्या कुंचल्याला जी काही जागा उरली असेल तीत, रोमन लिपीतील एक पंधरा अक्षरी क्रमांक दाटीवाटीने बसलेला असतो. केंद्रीय वस्तू व सेवा कर नियमांतील अठराव्या नियमाने नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी जागी लावणे आणि हा क्रमांक प्रवेशद्वारावरील नामफलकावर लिहिणे नोंदणीकृत व्यापाऱ्यावर बंधनकारक केले आहे. तथापि तो वाचणे कोणावरही बंधनकारक नसल्याने गिऱ्हाईक तो वाचत नाही, मालकाला तो पाठ नसतो, आणि रंगाऱ्याने तो अक्षरे म्हणून नव्हे तर नक्षी म्हणून उतरवलेला असल्यामुळे शून्याच्या जागी ‘ओ’ आणि ‘ओ’च्या जागी शून्य असा निर्मळ व्यवहार त्यात झालेला असतो. या क्रमांकाचे शासकीय नाव भारदस्त असले तरी बाजारात त्याला ‘जीएसटी नंबर’ एवढेच म्हणतात, आणि तो खरा की खोटा हे सांगणाऱ्या संगणकप्रणालींचा जो एक स्वतंत्र धंदा गेल्या काही वर्षांत उभा राहिला आहे, तो प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

दुसऱ्याचा नंबर तपासण्याची गरज मुळात का पडावी, हे समजण्यासाठी या कराचा एक गुणधर्म ध्यानात घ्यावा लागतो. व्यापारी माल विकत घेताना विक्रेत्याला जो कर देतो, तो पुढे स्वतःच्या विक्रीवर भरावयाच्या करातून त्याला वजा करता येतो. कायद्यात या वजावटीला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात, आणि महाराष्ट्रातील व्यापारी आजही विक्रीकराच्या काळातील सवयीने तिला ‘सेट-ऑफ’ म्हणतात. विक्रेत्याचा नंबर चुकीचा निघाला, रद्द झालेला निघाला, किंवा विक्रेत्याने घेतलेला कर सरकारात जमाच केला नाही, तर ही वजावट खरेदीदाराच्या हातून जाते आणि वर व्याजाचा आकडा येतो. एकाने खाल्ले आणि दुसऱ्याला अजीर्ण झाले, असा हा प्रकार असल्याने माल घेण्यापूर्वी विक्रेत्याची चौकशी करणे हे आता शहाणपण राहिलेले नसून आत्मसंरक्षण झाले आहे. पूर्वी मुलीच्या बापाने स्थळाची जशी चौकशी करावी, म्हणजे घराणे कोणते, गाव कोणते, देणे किती आणि व्यसन कोणते, तशी चौकशी आता कागदाच्या पुठ्ठ्याचे खोके पुरवणाऱ्याचीही करावी लागते. फरक एवढाच की मुलीच्या बापाला निदान चहापोहे मिळत.

क्रमांकाची रचनाही पत्रिकेसारखी घराघरांची आहे. पहिल्या दोन घरांत राज्य बसते. हे संकेतांक जनगणनेतील राज्य-क्रमांकांवरून घेतलेले असून त्यांत महाराष्ट्र २७, गोवा ३०, गुजरात २४ आणि कर्नाटक २९ आहे. बेळगावच्या व्यापाऱ्याचा नंबर २९ने आणि कोल्हापूरच्या व्यापाऱ्याचा २७ने सुरू होत असल्यामुळे, १९५६ पासून आयोग, न्यायालये आणि मोर्चे ज्यावर एकमत घडवू शकले नाहीत तो प्रश्न ही प्रणाली निमिषार्धात, कोणत्याही बाजूचे म्हणणे न ऐकता निकालात काढते. हे दोन आकडे केवळ भूगोलाचे नाहीत, कारण त्यांच्यावरून कोणता कर लागणार हेही ठरते: विक्रेता आणि माल पोहोचण्याचे ठिकाण एकाच राज्यात असेल तर केंद्राचा आणि राज्याचा असा निम्मानिम्मा कर लागतो, आणि बांद्याच्या दुकानदाराने शेजारच्या पेडण्याहून मागवलेला माल पत्रादेवीची हद्द ओलांडून आला की त्यावर एकात्मिक कर लागतो. अंतर तासाभराचे, बोली जवळपास तीच, माशाची आमटीही फारशी वेगळी नाही. पण २७च्या जागी ३० आले की बिलाचा सारा संसार बदलतो.

पुढील दहा घरे पॅन म्हणजे आयकर खात्याच्या कायम खाते क्रमांकाची असतात, आणि माणसाच्या स्वभावाचा पत्ता या घरांत लागतो. पॅनचे चौथे अक्षर धारकाची जात सांगते, अर्थात कायद्याने मान्य केलेली जात: ‘पी’ म्हणजे व्यक्ती, ‘सी’ म्हणजे कंपनी, ‘एफ’ म्हणजे भागीदारी संस्था, ‘टी’ म्हणजे न्यास आणि ‘एच’ म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब. हे शेवटचे अक्षर समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी अधिक लक्ष देऊन पाहण्याजोगे आहे, कारण ज्या भावांनी वाड्याच्या मधोमध भिंत घातली आहे, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या कोर्टातून ठरवून घेतल्या आहेत आणि एकमेकांच्या घरच्या लग्नाला तोंडदेखलीही हजेरी लावलेली नाही, ते भाऊ आयकराच्या दप्तरी ‘एच’च्या छत्राखाली आजही गुण्यागोविंदाने नांदत असतात. पाचवे अक्षर, धारक व्यक्ती असेल तर, आडनावाचे आद्याक्षर असते. त्यामुळे नाव जोशी आणि पाचवे अक्षर ‘के’ असे दिसले की प्रणाली भुवई उंचावते, आणि मग कोणाचे तरी लग्न, दत्तकविधान किंवा सरळसरळ बनवाबनवी यांपैकी काहीतरी बाहेर येते.

तेराव्या घरात, त्या पॅनवर त्या राज्यात घेतलेली ही कितवी नोंदणी आहे, तो आकडा येतो. चौदाव्या घरात सर्वसाधारण करदात्याच्या बाबतीत ‘झेड’ असते, आणि त्याला नेमून दिलेले कोणतेही काम नाही. गणेशोत्सव मंडळाच्या सन्माननीय अध्यक्षाप्रमाणे त्याचे आसन ठरलेले आहे आणि कर्तव्य ठरलेले नाही. पंधराव्या घरात मात्र सारी मेख आहे.

हे पंधरावे चिन्ह पडताळ्याचे असते, म्हणजे आधीच्या चौदा चिन्हांवरून हिशेब करून ते काढलेले असते. शून्य ते नऊ हे दहा आकडे आणि रोमन लिपीतील सव्वीस अक्षरे मिळून छत्तीस चिन्हे होतात व त्यांना अनुक्रमे शून्यापासून पस्तीसपर्यंत किंमत दिलेली असते. विषम स्थानावरील चिन्हाची किंमत तशीच ठेवायची, सम स्थानावरील दुप्पट करायची, येणाऱ्या प्रत्येक संख्येला छत्तीसने भागून भागाकार आणि बाकी यांची बेरीज घ्यायची, अशा चौदा बेरजा एकत्र करून त्यांना पुन्हा छत्तीसने भागायचे, उरलेली बाकी छत्तीसातून वजा करायची, आणि जे येईल त्याचे चिन्ह शेवटच्या घरात मांडायचे. वजाबाकीत छत्तीसच आले तर शून्य मांडायचे. ज्या संस्कृतीने विवाहासाठी आधीच छत्तीस गुणांचे मेलन शोधून ठेवले होते, तिला करप्रणालीतही नेमका छत्तीसचाच भाजक मिळावा, हा योगायोग असला तरी तो शोभून दिसणारा आहे. भेद इतकाच की पत्रिकेत अठरा गुण जुळले तरी भटजी ‘चालेल’ म्हणतात आणि यजमान सुटकेचा श्वास टाकतात. येथे छत्तीसच्या हिशेबात एकाचाही फरक पडला की मेलन फसते आणि शांतीचा तोडगा उपलब्ध नसतो. या हिशेबात ‘झेड’ची कामगिरी स्वतंत्रपणे नोंदवण्याजोगी आहे: त्याची किंमत पस्तीस, चौदावे स्थान सम असल्याने दुप्पट सत्तर, सत्तरला छत्तीसने भागले की भागाकार एक, बाकी चौतीस आणि दोहोंची बेरीज पुन्हा पस्तीस. म्हणजे दुप्पट करूनही पस्तीसाचे पस्तीसच राहतात, आणि छत्तीसच्या चक्रात पस्तीस मिळवणे म्हणजे एक वजा करणे असल्यामुळे, काहीच न करणारा हा सन्माननीय सदस्य प्रत्येक व्यापाऱ्याच्या बेरजेतून न चुकता एक कमी करून बसतो. मंडळांच्या हिशेबतपासनिसांना यात काही ओळखीचे वाटल्यास नवल नाही.

या रीतीच्या मुळाशी हान्स पीटर लून या गृहस्थांचे डोके आहे. आयबीएम या कंपनीत असताना त्यांनी १९५४ मध्ये अशा पडताळ्याच्या एका साध्या यंत्रासाठी अर्ज केला आणि १९६० मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. पुढे क्रेडिट कार्डांच्या क्रमांकांपासून अनेक ठिकाणी तीच रीत रूढ झाली आणि तिचाच छत्तीस चिन्हांचा विस्तार भारतीय व्यापाऱ्याच्या पाटीवर येऊन बसला. लून हे मूळचे कापडधंद्यातले होते आणि कापडाच्या विणीत धागे किती दाट आहेत हे मोजणारे ‘लुनोमीटर’ नावाचे उपकरणही त्यांनीच काढले होते, ही गोष्ट इचलकरंजी, मालेगाव आणि भिवंडी येथील मंडळींना विशेष आपुलकीची वाटेल. धागा मोजणाऱ्याने अक्षर मोजले, एवढेच. त्यांची रीत एक चिन्ह चुकले तर हमखास पकडते, आणि शेजारच्या दोन चिन्हांची अदलाबदल झाली तर एकच जोडी सोडून बाकी सर्व पकडते. निसटणारी ती जोडी शून्य आणि झेड यांची. दोघेही निरुपयोगी म्हणून ओळखले जाणारे, आणि दोघांनी संगनमत केले तरच गणित फसणारे.

चूक होण्याचे मुख्य स्थान मात्र पाटी नसून दूरध्वनी होय. बिल करणारा काउंटरवरचा मुलगा आणि कंपनीच्या वतीने माल घ्यायला आलेला मनुष्य यांच्यात क्रमांकाची जी देवघेव होते, तीत ‘बी’, ‘डी’, ‘पी’ आणि ‘टी’ ही अक्षरे ट्रकच्या आवाजात एकाच कुळातली वाटत असल्यामुळे प्रत्येक अक्षराला एखाद्या शहराचा किंवा फळाचा जामीन द्यावा लागतो. ‘बी फॉर बॉम्बे’ हा जामीन शहराचे नाव १९९५ मध्ये मुंबई झाल्यानंतरही बदललेला नाही, आणि बॉम्बे म्हटल्याने ज्यांच्या भावना एरवी तत्काळ दुखावतात त्यांच्याही त्या नंबर सांगताना दुखावत नाहीत, हे भाषेच्या अभ्यासकाने टिपून ठेवावे. ‘एन फॉर नागपूर’, ‘पी फॉर पुणे’ येथपर्यंत व्यवहार सुरळीत चालतो. ‘क्यू’ आले की दोन्ही बाजूंना क्षणभर शांतता पसरते आणि शेवटी ‘नंबर व्हॉट्सॲपला टाका’ या निष्कर्षावर चर्चा संपते. व्हॉट्सॲपवर येतो तो पाटीचा फोटो, आणि पाटीवर असते ती रंगाऱ्याची नक्षी.

या पार्श्वभूमीवर पडताळणी-प्रणालीचा अवतार झाला. तिची पहिली कसोटी साच्याची असते, म्हणजे कोणत्या घरात आकडा आणि कोणत्या घरात अक्षर असावे याचा ठरलेला नमुना. पॅनच्या पहिल्या पाच घरांत आकडा असूच शकत नाही आणि पुढील चार घरांत अक्षर असू शकत नाही, त्यामुळे शून्य आणि ‘ओ’, पाच आणि ‘एस’, आठ आणि ‘बी’ यांचे जुने वैर येथेच मिटते. दुसरी कसोटी वर सांगितलेल्या पडताळ्याची. या दोन्ही घरबसल्या होतात, त्यांना सरकारची गरज लागत नाही. तिसऱ्या कसोटीला मात्र सरकारी संकेतस्थळाचे दार ठोठवावे लागते, आणि तेथे मानवी प्रतिष्ठेचा एक नाजूक प्रश्न उभा राहतो.

जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही, काहीही शुल्क न देता, एखादा नंबर टाकून व्यापाऱ्याचे नाव, नोंदणीची तारीख, पत्ता आणि नोंदणीची सद्यस्थिती पाहता येते. अट एवढीच की आधी एका चौकोनातील वेडेवाकडे अंक ओळखून लिहायचे. या परीक्षेला ‘कॅप्चा’ म्हणतात, आणि समोर बसलेला मनुष्य आहे की यंत्र हे ठरवणे हा तिचा हेतू असतो. पाचशे पुरवठादार असलेल्या एखाद्या कारखान्याच्या लेखा विभागात नव्यानेच लागलेला कॉमर्सचा पदवीधर असतो, आणि ही तपासणी त्याच्याकडे सोपवली जाते, तेव्हा त्याला आपण मनुष्य असल्याचे पाचशे वेळा सिद्ध करावे लागते; त्यांत पाच-पन्नास वेळा तो नापासही होतो, आणि दुपारच्या जेवणानंतर हे प्रमाण वाढते. प्रणालीला मात्र असे काही विचारले जात नाही. ती एपीआय नावाच्या मागच्या दाराने, म्हणजे दोन संगणकांनी परस्पर बोलण्यासाठी ठेवलेल्या अधिकृत वाटेने, जीएसटी सुविधा पुरवठादार म्हणून मान्यता मिळालेल्या संस्थेचे बोट धरून आत जाते आणि एक्सेलच्या पत्रकातील पाचशेच्या पाचशे नंबरांची कुंडली चहा निवण्याआधी घेऊन येते. यंत्राने आपण यंत्र असल्याचे प्रामाणिकपणे सांगितले की त्याला रांगेशिवाय प्रवेश आहे. मनुष्यावर मात्र प्रत्येक वेळी संशय घेतला जातो. देवस्थानांच्या दर्शनरांगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही व्यवस्था निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

नंबर जुळला तरी नाव जुळले पाहिजे, आणि येथे प्रणालीची खरी दमछाक होते. सरकारी नोंदीत प्रत्येक व्यापाऱ्याची दोन नावे असतात, एक पॅनवरचे कायदेशीर आणि दुसरे बाजारातले. ‘श्री महालक्ष्मी ट्रेडर्स’ या नावाने तीस वर्षे उधारी वसूल करणारे दुकान कायद्याच्या दृष्टीने मालकाच्या तीन पदरी नावाचे असते, आणि त्या नावाने त्याला बाजारात कोणी ओळखत नाही. त्यातही ‘महालक्ष्मी’ हे नाव रोमन लिपीत कोणी ‘एक्स’ घालून लिहितो, कोणी ‘के’, ‘एस’ आणि ‘एच’ ही तिन्ही अक्षरे खर्च करतो, आणि एकाच घरातील बाप एका पद्धतीने व मुलगा दुसऱ्या पद्धतीने सही करतो. अशा नावांतील साम्य मोजण्यासाठी या प्रणाली बहुधा व्लादिमिर लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञाने १९६५ मध्ये मांडलेल्या अंतराचा आधार घेतात. एका शब्दाचा दुसरा शब्द करण्यासाठी किती अक्षरे बदलावी, घालावी किंवा गाळावी लागतात, ती संख्या म्हणजे हे अंतर. या मापाने ‘एक्स’वाली लक्ष्मी आणि ‘के-एस-एच’वाली लक्ष्मी यांच्यात तीन अक्षरांचे अंतर पडते, आणि पाटील व पटेल यांच्यात मात्र, रोमन लिपीत केवळ ‘आय’च्या जागी ‘ई’ येत असल्यामुळे, एकच अक्षराचे अंतर उरते. म्हणजे जी एकच देवी आहे ती यंत्राला दोन वाटते, आणि ज्यांच्यात अख्खा संयुक्त महाराष्ट्राचा लढा उभा आहे ते पाटील आणि पटेल त्याला सख्खे भाऊ वाटतात. जुळणीला अडथळा नको म्हणून ‘मेसर्स’, ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि ‘अँड सन्स’ अशी शेपटे आधीच छाटून टाकण्याची सोय केलेली असते, त्यामुळे मृत्युपत्राशिवाय कोणालाही जमले नसते ते मुलांना धंद्यातून वगळण्याचे काम प्रणाली एका ओळीच्या सूचनेत उरकते.

निकाल रंगांत येतो. हिरवा म्हणजे नोंदणी चालू, पिवळा म्हणजे निलंबित, तांबडा म्हणजे रद्द. सलग सहा महिने विवरणपत्रे भरली नाहीत तर नोंदणी रद्द करण्याचा अधिकार अधिकाऱ्याला असतो, आणि तशी कारवाई सुरू असेपर्यंत नंबर निलंबित म्हणजे त्रिशंकू अवस्थेत राहतो. रद्द झालेल्यांतही दोन पोटजाती आहेत: व्यापाऱ्याच्या अर्जावरून रद्द आणि ‘सुओ मोटो’ रद्द. या लॅटिन शब्दप्रयोगाचा अर्थ ‘स्वतःहून’ असा असल्याने व्यापाऱ्याने आपण होऊन संन्यास घेतला असा समज होणे स्वाभाविक आहे, परंतु येथे ‘स्वतः’ म्हणजे अधिकारी.

तांबडा रंग दिसल्यावर लेखा विभागातून जो दूरध्वनी जातो, त्याची उत्तरे सर्व जिल्ह्यांत सारखीच असतात. दुकानाचे मालक सांगतात, “ते सगळं आमचे सीए बघतात, साहेब”. सीएच्या कार्यालयातून कळते की पार्टीने डेटाच पाठवलेला नाही. पार्टी पुन्हा विचारल्यावर सांगते की डेटा केव्हाच दिलाय, साइट चालत नाहीये. आणि या त्रिकोणात महिन्याची चौदा तारीख उजाडते. त्या दिवशी खरेदीदाराच्या खात्यात ‘टू-बी’ नावाचे पत्रक तयार होते, ज्यात विक्रेत्यांनी त्याच्या नावे दाखवलेली बिले उतरतात. जानेवारी २०२२ पासून या रीतीने दाखवले न गेलेल्या बिलावरची वजावट कायद्यानेच बंद केल्यामुळे चौदा तारखेला कारखान्यांतून जी धाकधूक असते ती दहावीच्या निकालादिवशीच्या घरांपेक्षा कमी नसते, आणि निकाल दुसऱ्याच्या अभ्यासावर लागत असल्यामुळे थोडी अधिकच असते.

आता मूळ शंका. नंबरचा साचा बरोबर आहे, छत्तीसचे गणित सुटले आहे, रंग हिरवा आहे आणि लक्ष्मीही एकदाची जुळली आहे, एवढ्याने तो व्यापारी आहे हे सिद्ध होते काय? केंद्र आणि राज्यांच्या कर अधिकाऱ्यांनी १६ मे ते १५ जुलै २०२३ या काळात देशभर मोहीम काढून प्रत्यक्ष पत्त्यांवर जाऊन पाहिले, तेव्हा २१,७९१ नोंदणीकृत आस्थापना जागेवर अस्तित्वातच नसल्याचे आढळले आणि त्यांच्याशी निगडित २४,०१० कोटी रुपयांची संशयित करचोरी नोंदवली गेली. या सर्वांचे नंबर सरकारनेच दिलेले असल्याने त्यांचे पंधरावे अक्षर बिनचूक होते. पत्रिका जुळली, मुहूर्त निघाला, बोहल्यावर अंतरपाट धरला आणि पलीकडे कोणीच उभे नाही, असा हा देखावा; आणि प्रणालीचे काम पत्रिका पाहण्याचे असल्याने अंतरपाटापलीकडे डोकावण्याची तिच्याकडून अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

महाराष्ट्राला ही विद्या नवी नाही. १ एप्रिल २००५ पासून राज्यात मूल्यवर्धित कर लागू झाला, तेव्हाचा नंबरही २७नेच सुरू होत असे आणि त्याच्या शेवटी ‘व्ही’ असे; त्या काळी माल न देता नुसते बिल देणाऱ्यांना विक्रीकर खात्याच्या बोलीत ‘हवाला’ व्यापारी म्हणत, आणि खात्याने त्यांची यादीच संकेतस्थळावर लावून ठेवली होती. बिलावरचे नाव यादीत आहे का, हे बोट फिरवून पाहणारा दिवाणजी ही आजच्या प्रणालीची पहिली आवृत्ती होय, आणि तिला विजेची गरज नव्हती. विक्रेत्याने कर सरकारात भरला नाही तर खरेदीदाराला सेट-ऑफ नाकारणारे त्या कायद्यातील कलम ४८(५) मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये वैध ठरवले. त्या प्रकरणातील अर्जदार महालक्ष्मी कॉटन जिनिंग ही संस्था होती, आणि तिचे नाव ‘एक्स’ने लिहितात.

तथापि या सर्व तपासणीची खरी कसोटी पाहणारी तरतूद व्याकरणाची आहे. नोंदणी रद्द करताना अधिकाऱ्याला योग्य वाटेल त्या मागील तारखेपासूनही ती रद्द करण्याचा अधिकार केंद्रीय कायद्याच्या कलम २९ने दिला आहे. याचा अर्थ असा की मार्च महिन्यात खरेदीदाराने नंबर तपासला, तो हिरवा होता, माल आला, पैसे दिले. डिसेंबरात ती नोंदणी आदल्या वर्षाच्या जुलैपासून रद्द झाली. आणि मार्चमध्ये जो व्यापारी ‘होता’ तो आता मार्चमध्ये ‘नव्हता’ झाला. मराठीत भूतकाळाचे साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीति असे प्रकार शाळेत शिकवले जातात. दुरुस्तीयोग्य भूतकाळ हा पाचवा प्रकार अद्याप व्याकरणाच्या पुस्तकात आलेला नाही. हा अधिकार यांत्रिकपणे वापरता येणार नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने अनेक निकालांत बजावले आहे. पण ते बजावणे ऐकण्यासाठी खरेदीदाराला आधी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागते, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या बिलासाठी तेवढा प्रवास परवडतोच असे नाही.

म्हणून लेखा विभागांनी स्क्रीनशॉट नावाचा ताईत शोधून काढला आहे. ज्या दिवशी नंबर हिरवा दिसला त्या दिवसाच्या पडद्याचे छायाचित्र तारीख-वेळेसकट काढून, छापून, बिलाच्या मागे टाचणीने लावून ठेवायचे, म्हणजे पुढे नोटीस आली तर आपण डोळे उघडे ठेवले होते असे सांगता येते. संगणकीकरणाने कागद वाचेल असे ज्यांनी भाकीत केले होते त्यांनी एकदा अशा विभागातील कपाटे उघडून पाहावीत. अधिक प्रगत प्रणाली हे काम स्वतःच करतात: त्या दररोज रात्री सर्व पुरवठादारांचे नंबर पुन्हा तपासतात, कालचा हिरवा आज पिवळा झाला तर सकाळी निरोप धाडतात, आणि प्रत्येक दिवसाचा पुरावा साठवून ठेवतात. पुरवठादाराच्या घरची मंडळीही त्याची एवढी रोज विचारपूस करत नसतील. ही सेवा अर्थातच वार्षिक वर्गणीने मिळते. नंबर मोजून आकार लागतो, त्यावर अठरा टक्के कर लागतो आणि तसे बिल येते.

त्या बिलावरही एक पंधरा अक्षरी नंबर असतो. तो खरा आहे की नाही हे त्याच प्रणालीला विचारणे म्हणजे नवऱ्या मुलाची चौकशी नवऱ्या मुलाकडेच करण्यासारखे असल्याने, लेखा विभागाचे व्यवस्थापक हे काम त्या नव्याने लागलेल्या पदवीधराकडे देतात. आणि तो सरकारी संकेतस्थळ उघडतो, नंबर भरतो, चौकोनातील वेडेवाकडे अंक निरखून पाहतो, आणि तिसऱ्या खेपेला आपण मनुष्य असल्याचे सिद्ध करतो.